‘उप’ या उपसर्गाविषयी

धाराशिवला स्वतंत्र विद्यापीठ असावे की नसावे, या वादात दोन्ही बाजूंनी जे बोलले जाते त्याने आमचे समाधान होत नाही. ‘असावे’ म्हणणारे अंतर मोजतात. ‘नसावे’ म्हणणारे दर्जा मोजतात. अंतर आणि दर्जा या दोन्ही गोष्टी खऱ्याच आहेत. पण विद्यापीठ कशासाठी असते, या मूळ प्रश्नाला दोघेही हात लावीत नाहीत. दोघांच्याही मनात विद्यापीठ म्हणजे परीक्षा घेणारे, गुणपत्रिका छापणारे आणि पदवीवर शिक्का उमटवणारे एक कार्यालय आहे. भांडण आहे ते या कार्यालयाच्या पत्त्याबद्दल. आम्ही या जिल्ह्यातील महाविद्यालयांत मराठी शिकवतो. आम्हांला विद्यापीठ हवे आहे, मात्र ते या कारणासाठी नव्हे.

आधी अंतराचे. धाराशिवहून छत्रपती संभाजीनगरला जायचे तर अडीचशे किलोमीटरच्या आसपास रस्ता आहे. उमरग्याहून निघणाऱ्याला तीनशेच्या वर. गुणपत्रिकेतील नावाची एक वेलांटी दुरुस्त करण्यासाठी रात्रीची एस.टी. धरणारे विद्यार्थी आम्ही पाहिले आहेत. (आता पुष्कळ कामे संगणकावर होतात असे सांगतात. होतात; पण अडलेली कामे अजूनही खिडकीशीच होतात.) उलट तुळजापूरहून सोलापूर पंचेचाळीस किलोमीटरवर, परंड्याहून बार्शी त्याहूनही जवळ, आणि उमरग्याच्या माणसाला कलबुर्गी काही परदेश वाटत नाही. माणसे बाजाराला, दवाखान्याला, सोयरिकीला ज्या दिशेने जातात, तिच्या नेमक्या विरुद्ध दिशेला त्यांचे विद्यापीठ असावे, ही निजामी राज्याच्या जुन्या सीमेची देणगी आहे.

२००४ हे वर्ष या संदर्भात लक्षात ठेवण्याजोगे आहे. शिवाजी विद्यापीठाचे पदव्युत्तर केंद्र असलेल्या सोलापूरला त्या वर्षी स्वतंत्र विद्यापीठ मिळाले, तेही एका जिल्ह्यापुरते. त्याच वर्षी उस्मानाबादला मिळाले डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचे उपकेंद्र. रसायनशास्त्र, जैवतंत्रज्ञान, व्यवस्थापनशास्त्र, इंग्रजी असे विभाग तेथे उभे राहिले, आणि काही शिक्षकांनी मोजक्या साधनांत चांगले काम केले हे नाकारण्याचे कारण नाही. पुढे ‘उपकेंद्र’चे ‘उपपरिसर’ झाले. शब्द बदलला, उपसर्ग राहिला. मराठीत हा उपसर्ग दोन अर्थांनी चालतो: ‘उपवना’त आणि ‘उपनिषदा’त तो जवळिकीचा आहे, ‘उपअभियंत्या’त तो दुय्यमतेचा. आमच्या वाट्याला कोणता आला आहे, हे सांगण्यास व्याकरणकाराची गरज नाही.

हा अन्याय आहे, सबब विद्यापीठ द्या, असे म्हणून येथेच थांबता येते. जिल्ह्यातील बहुतेक निवेदने येथेच थांबतात. पण थांबण्यापूर्वी या भागाने आजवर विद्यापीठाविषयी काय अनुभवले आहे, तेही पाहायला हवे.

ज्या मीर उस्मान अली खानाचे नाव या गावाने शतकभर वागवले, त्याच्याच नावाने १९१८ मध्ये हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ सुरू झाले. इंग्रजीऐवजी एका भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो पहिला मोठा प्रयोग म्हणून शिक्षणाच्या इतिहासात गौरवला जातो, आणि त्या गौरवात तथ्य आहे: शास्त्रे देशी भाषेत आणण्यासाठी तेथे स्वतंत्र भाषांतर विभाग उभारला गेला. मात्र ती भाषा उर्दू होती. मराठी, तेलुगू, कन्नड बोलणाऱ्या बहुसंख्य प्रजेच्या दृष्टीने ती राज्याची भाषा होती, रानातली नव्हे. १९३८ च्या वंदे मातरम् चळवळीत याच विद्यापीठातून काढून टाकलेल्या विद्यार्थ्यांना नागपूर विद्यापीठाने आसरा दिला. आमच्या जिल्ह्यात त्यापूर्वीच, १९२१ मध्ये, हिप्परग्याला राष्ट्रीय शाळा निघाली होती. स्वामी रामानंद तीर्थ हे काही वर्षे तिचे मुख्याध्यापक होते. आज लोहारा तालुक्यात असलेल्या एका खेड्याने विद्यापीठाच्या आणि राज्याच्या भाषेला स्वतःच्या भाषेने दिलेले ते उत्तर होते. पदवी देण्याचा अधिकार त्या शाळेला नव्हता, आणि तरीही हैदराबाद मुक्तिसंग्रामाचा इतिहास तिला वगळून लिहिता येत नाही.

२३ ऑगस्ट १९५८ ला मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि उस्मानियाशी असलेला संबंध संपला. त्याआधी १९५० मध्ये डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत महाविद्यालय काढले होते, त्यालाच पुढे मिलिंद हे नाव मिळाले. मराठवाड्यातील दलित समाजातील पहिल्या पदवीधर पिढीपैकी फार मोठा भाग तेथून बाहेर पडला. प्रदेशात उच्च शिक्षणाची जागा असणे म्हणजे काय, याचे याहून मोठे प्रमाण आम्हांला ठाऊक नाही. आणि त्याच प्रदेशात २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने विद्यापीठाला आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला, तेव्हा काय झाले तेही ठाऊक आहे. दलित वस्त्या जाळल्या गेल्या, माणसे मारली गेली, आणि १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार होईपर्यंत सोळा वर्षे गेली. नामांतराला विरोध करणाऱ्यांच्या तोंडी त्या काळात एक शब्द सतत होता: मराठवाड्याची ‘अस्मिता’. प्रादेशिक विद्यापीठाची मागणी करणाऱ्या प्रत्येकाने हा शब्द उच्चारण्यापूर्वी दोनदा विचार करावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. प्रदेश म्हणजे त्यात राहणारे सगळे, की त्यात मिरवणारे काही, याचा निर्णय न करता ‘आमचे विद्यापीठ’ म्हटले की त्या ‘आमचे’मधून कोण बाहेर ढकलले जाते, हे या भूमीने पाहिलेले आहे.

म्हणून धाराशिवच्या विद्यापीठाला कोणाचे नाव द्यायचे, ही चर्चा आम्हांला अवेळी वाटते. विद्यापीठ व्हायचे आहे, आणि नावे मात्र तयार आहेत! नुकतेच गावाचे आणि जिल्ह्याचे नाव बदलले. फलक बदलले, शिक्के बदलले, टपालाचे कागद बदलले. त्या प्रश्नात आम्ही येथे शिरत नाही. पण नाव बदलल्याने गावाविषयीचे आपले ज्ञान किती वाढले, असा प्रश्न साहित्याच्या शिक्षकांनी तरी विचारायला हरकत नव्हती. धाराशिवच्या लेण्यांचा आणि ‘तेरापुरा’चा उल्लेख मुनी कनकामर यांच्या ‘करकंडचरिउ’ या अपभ्रंश काव्यात येतो. मराठीच्या उगमाची चर्चा अपभ्रंशाला वळसा घालून करता येत नाही, आणि ज्या अपभ्रंश काव्यात आमची लेणी आहेत ते आमच्या जिल्ह्यात किती मराठी पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी उघडून पाहिले असेल? त्याचे संपादन केले ते हिरालाल जैन यांनी, विदर्भात अध्यापन करताना.

येथे आम्ही आमच्या मुद्द्याशी येतो. हा जिल्हा ज्ञानाचा विषय पुष्कळदा झाला आहे. ज्ञानाचा कर्ता तो फारसा झालेला नाही. तुळजाभवानीच्या उपासनेचा शोध रा. चिं. ढेरे यांनी घेतला, पुण्यात बसून, मुख्यतः स्वतःच्या ग्रंथसंग्रहाच्या बळावर. जात्यावरच्या ओव्यांचा एक लाखाहून मोठा संग्रह हेमा राईरकर आणि गी पॉयट्व्हँ यांनी उभा केला, तोही पुण्यातून, विद्यापीठाच्या मराठी विभागांबाहेर राहून. मराठीच्या बोलींचे अलीकडचे सर्वेक्षण डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्याने केले. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर सास्तूर-लोहाऱ्याच्या जमिनीखाली काय घडले, याचा अभ्यास हैदराबादच्या भूभौतिक संस्थेने केला. तुळजापूरला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा परिसर १९८६ पासून आहे, २०१२ पासून तेथे पदवीचे वर्गही सुरू झाले. पण तो मुंबईच्या संस्थेचा आहे आणि तिच्या दृष्टीने आपण ‘क्षेत्र’ आहोत. या सर्वांविषयी आम्हांला आदर आहे. त्यांनी केले नसते तर काहीच झाले नसते. पण माहिती देणारे नेहमी इकडचे, आणि तिला अर्थ देणारे नेहमी तिकडचे, ही विभागणी नैसर्गिक मानण्याचे काय कारण? कापूस येथला आणि गिरणी तेथली, ही तक्रार शेतीबाबत आपण शंभर वर्षे करीत आलो. भाषेच्या बाबतीत ती कोणी करीत नाही.

एक उदाहरण घेऊ. मार्गशीर्षातील अमावास्येला धाराशिव आणि लातूर जिल्ह्यांत आणि लगतच्या कर्नाटकात येळवस साजरी होते. गावे ओस पडतात, माणसे रानात जातात, कडब्याची कोप उभी राहते, तिच्यात चुन्याने रंगवलेले पाच पांडव मांडले जातात, भज्जी, आंबील, उंडे आणि खिचडा यांचे वनभोजन होते. पुण्याला नोकरी करणारा मुलगा दिवाळीला आला नाही तर चालते, येळवशीला यावे लागते. पंचांगात आणि वर्तमानपत्रांत या सणाचे नाव ‘वेळ अमावास्या’ असे शुद्ध करून छापतात, आणि ‘वेळ’ म्हणजे काळ अशी व्युत्पत्ती शिक्षकही सांगतात. पलीकडे कन्नडमध्ये मात्र ती ‘एळ्ळ अमावास्या’ आहे. ‘एळ्ळु’ म्हणजे तीळ. त्या दिवशी पिकावर आंबील शिंपडताना जी आरोळी दिली जाते तिच्यातील शब्दांचा अर्थ देणाऱ्याला सांगता येत नाही, कारण ते मराठी नाहीत. म्हणजे आमचा सर्वांत जिव्हाळ्याचा सण आम्ही अशा शब्दांत साजरा करतो जे आमच्या तोंडात आहेत आणि आमच्या भाषेत नाहीत. भाषाविज्ञानाच्या तासाला ‘भाषासंपर्क’ शिकवायला याहून चांगले काय असते? पण त्या तासाला काय शिकवले जाते? वऱ्हाडी, अहिराणी, कोकणी यांची चार-चार ठरलेली वैशिष्ट्ये, ठरलेल्या पुस्तकांतून, दहा गुणांसाठी. येळवशीला रानात आरोळी देऊन आलेला मुलगा जानेवारीत वर्गात येऊन बोलीभाषेची व्याख्या पाठ करतो.

आणि तो बोलतो ती बोली? ‘काय करूलालास’, ‘येऊलालाय’, ‘जाऊलालो’. चालू क्रियेचे हे रूप लातूर-धाराशिवच्या पट्ट्यात लहान मुलाच्याही तोंडी असते. ‘करू लागला’मधील ‘लागणे’ आरंभ सुचवते. येथे तेच झिजून क्रियेचे चालूपण सुचवू लागले का? की शेजारच्या भाषेचा येथे काही हात आहे? हा एका एम.फिल.चा नव्हे, पाच प्रबंधांचा विषय आहे. प्रत्यक्षात आमच्या विद्यार्थ्याला मुलाखतीला पाठवताना आपण पहिली सूचना देतो ती ‘करूलालो म्हणू नकोस’ ही. रा. रं. बोराडे यांच्या ‘पाचोळा’तील शिंप्याची बायको याच प्रदेशाच्या मातीतून बोलली, आणि १९७१ साली मराठी कादंबरीला एक नवा आवाज मिळाला. कळंब तालुक्यातील हासेगावच्या भास्कर चंदनशिवांची ‘लाल चिखल’ ही कथा महाराष्ट्रभर पाठ्यपुस्तकातून वाचली गेली. या दोघांना शिकवताना वर्गात काय होते, हे पाहण्यासारखे असते. ‘ग्रामीण साहित्याची वैशिष्ट्ये’ या मथळ्याखाली निसर्ग, दारिद्र्य, बोलीचा वापर असे मुद्दे उतरवून दिले जातात. ज्यांची ती बोली आहे त्यांना ‘बोलीचा वापर’ हे वैशिष्ट्य म्हणून शिकवण्याचा हा प्रकार विनोदी आहे, पण तो बदलण्याचा अधिकार शिकवणाऱ्याला नाही. अभ्यासक्रम अभ्यासमंडळात ठरतो, आणि जे मंडळ पैठण, भोकरदन, आष्टी आणि उमरगा यांना एकच अभ्यासक्रम देण्यास बांधलेले आहे, ते मंडळ येळवस कोठून आणणार? त्यातील माणसांचा हा दोष नाही. चारशेहून अधिक महाविद्यालयांना एका साच्यात बसवण्याच्या पद्धतीचा तो स्वभावच आहे.

दर्जाची काळजी करणाऱ्यांना आमचा प्रश्न येथेच आहे. लहान विद्यापीठाने दर्जा खालावतो, असे आपण म्हणता. मोठ्याने तो कोणत्या अर्थी राखला? दर्जा म्हणजे सर्वांना सारखी प्रश्नपत्रिका, एवढाच अर्थ असेल तर वाद मिटला. लहान विद्यापीठात गटबाजी होते, नेमणुकांत घोटाळे होतात, दोनचार कुटुंबांची सत्ता चालते, हा आक्षेप अधिक वजनदार आहे, आणि शिक्षणसंस्थांची मालकी कोणाकडे आहे हे पाहता तो या जिल्ह्यालाही लागू पडेल. पण हा आक्षेप मोठ्या विद्यापीठांना लागू पडत नाही असे म्हणण्याइतके धैर्य आक्षेपकांतही नसावे. राहिला प्रश्न एक-दोन जिल्ह्यांना विद्यापीठ परवडते का हा. सोलापूरचे उदाहरण वर आलेच आहे. चंद्रपूर-गडचिरोलीसाठी २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठ झाले तेव्हाही हीच शंका घेतली गेली.

दूरवरचा एक दाखला देतो, कारण ‘आडवळणाला विद्यापीठ कशाला’ असे म्हणणाऱ्यांनी तो ऐकलेला बरा. सायबेरियाच्या ईशान्येला याकुत्स्क नावाचे शहर आहे. मॉस्कोपासून जवळजवळ पाच हजार किलोमीटर, आणि जानेवारीत पारा उणे चाळीसच्या आसपास. तेथे १९५६ मध्ये, म्हणजे आमच्या मराठवाडा विद्यापीठाच्या दोन वर्षे आधी, विद्यापीठ स्थापन झाले. २०१० पासून ते ईशान्य संघीय विद्यापीठ म्हणून ओळखले जाते. त्यात भौतिकशास्त्र आहे, वैद्यक आहे, खाणकाम आहे. आणि त्यांच्या बरोबरीने साखा म्हणजे याकुत भाषेचा आणि उत्तरेकडील लहान जमातींच्या भाषांचा अभ्यास करणारी स्वतंत्र संस्था आहे. साखा लोकांचे ‘ओलोंखो’ नावाचे मौखिक महाकाव्य आहे. एकेक गायक ते तासन्‌तास, रात्रभर गातो. युनेस्कोने २००५ मध्ये त्याला मानवजातीचा मौखिक वारसा म्हणून मान्यता दिली, आणि विद्यापीठाने त्याच्या संशोधनासाठी वेगळे केंद्र काढले. हे चित्र गोड करून सांगण्याची आमची इच्छा नाही. त्या राजवटीने लहान भाषांना जे भोगायला लावले ते प्रसिद्ध आहे, आणि ‘संघीय’ या विशेषणाचा अर्थ शेवटी मॉस्कोची मुठीतली सत्ता हाच आहे. आमच्या ‘उप’चाच तो रशियन भाऊ. पण त्या कडाक्याच्या थंडीतही एका लोकसमूहाचे गाणे त्याच समूहातल्या मुलांनी, त्याच प्रदेशातल्या विद्यापीठात, प्रबंधाचा विषय केले. नॉर्वेत, उत्तर ध्रुववृत्ताच्या पलीकडे, ट्रोम्सोला विद्यापीठ काढले गेले तेव्हाचा (निर्णय १९६८ चा, विद्यार्थी आले १९७२ ला) विचारही असाच रोखठोक होता: दक्षिणेत शिकलेले डॉक्टर उत्तरेत टिकत नाहीत, तेव्हा उत्तरेतील मुलांना उत्तरेतच डॉक्टर करा. सामी लोकांच्या भाषेचा आणि समाजाचा अभ्यास हेही पुढे त्याच विद्यापीठाचे मोठे काम ठरले.

आमच्याकडे ओलोंखो नाही. आमच्याकडे तुळजापूर आहे. आराधी, गोंधळी, भुत्ये, पोत, संबळ, कवड्यांची माळ. नवरात्रानंतरच्या पौर्णिमेला मराठी, कन्नड, तेलुगू बोलणारी माणसे पायी चालत एकाच देवळात येतात आणि आपापल्या भाषेत एकाच देवीला हाक मारतात. तेर आहे: ‘पेरिप्लस’मधील तगर, आणि गोरोबाकाकांचे गाव. तेथील रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहातून झालेले वस्तुसंग्रहालय पाहिले की एका खासगी माणसाने जे जमवले तेवढे संस्थांना का जमत नाही, असा प्रश्न पडतो. तांड्यांवर गोरमाटी आहे. परंडा-नळदुर्गच्या मोहल्ल्यांत दखनी आहे, जिच्याकडे उर्दूचे लोक अशुद्ध म्हणून आणि मराठीचे लोक परकी म्हणून पाहत नाहीत. भूकंपानंतर गावठाणे उठली, नवी गावे आखीव रस्त्यांवर बसली. त्या स्थलांतराने नात्यांची, वस्त्यांची, जागांची नावे कशी बदलली, बायांच्या ओव्यांत भूकंप कसा आला, हे ऐकून घ्यायला तीस वर्षांहून अधिक काळ मिळाला होता. सांगणाऱ्या पुष्कळ बाया आता नाहीत.

जानेवारी २०२० मध्ये फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या अध्यक्षतेखाली ९३वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन उस्मानाबादला भरले. गोरोबाकाकांच्या नावाची साहित्यनगरी उभी राहिली, ग्रंथविक्री झाली, जिल्ह्याने पाहुण्यांचे अगत्य केले. तीन दिवसांनी मंडप उतरला. संमेलनाकडून याहून जास्त अपेक्षा करणे चुकीचे आहे. ते उत्सव असतात. चूक आहे ती उत्सवालाच साहित्यव्यवहार समजण्याची. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हाही महाविद्यालयांत रांगोळ्या निघाल्या, पेढे वाटले गेले. त्याच महाविद्यालयांत मराठीची पूर्णवेळ पदे वर्षानुवर्षे रिकामी असतात आणि वर्ग तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांवर चालतात. तासागणिक मोबदला, उन्हाळ्यात काहीच नाही, पुढच्या वर्षी नेमणूक होईल की नाही हे ठाऊक नाही. पीएच.डी. झालेला, नेट-सेट झालेला हा चाळिशीचा माणूस सुट्टीत तेरच्या कुंभारवाड्यात जाऊन ध्वनिमुद्रण करील, अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची? अभिजाततेचा पुरावा म्हणून प्राचीन तगर दाखवायचे आणि तगरच्या शेजारी मराठी शिकवणाऱ्याला रोजंदारीवर ठेवायचे, ही विसंगती कोणाला बोचत नाही.

‘बोलींचा आणि गाण्यांचा अभ्यास करून पोट कसे भरणार?’ हा प्रश्न पालक विचारतात तेव्हा आम्ही तो गंभीरपणे घेतो. पुढारी विचारतात तेव्हा घेत नाही. २०१८ पासून हा जिल्हा नीती आयोगाच्या ‘आकांक्षित’ जिल्ह्यांच्या यादीत आहे, म्हणजे मागास म्हणून निवडलेला. शाळेत आलेले तांड्यावरचे पोर घरी गोरमाटी बोलते, उमरग्याच्या सीमेवरचे पोर कन्नड बोलते. त्यांना शिकवणारा मास्तर या भाषा जाणत नाही आणि पोर ‘कच्चे’ ठरते. हा भाषाविज्ञानाचा प्रश्न आहे आणि रोजगाराचाही. दोन भाषा जाणणारे शिक्षक, परिचारिका, दुभाषे तयार करणे हे प्रादेशिक विद्यापीठाचे काम नसेल तर कोणाचे आहे? रसायनशास्त्राचा अभ्यासक्रम मुंबईत आणि धाराशिवात एकच असायला हरकत नाही. अणू सीमा पाळत नाहीत. मराठीचा, इतिहासाचा, समाजशास्त्राचा अभ्यासक्रम एकच असणे ही मात्र आळशी सोय आहे.

तेव्हा मागणी करायचीच तर ती अशी करावी. जमीन, कमान, कुलगुरूंचे निवासस्थान आणि नाव या गोष्टी शेवटी याव्यात. आधी अभ्यासमंडळ यावे, आणि त्याला आपला अभ्यासक्रम आपण लिहिण्याची मोकळीक असावी. त्यासोबत भरलेली, कायम पदे यावीत. ती नसतील तर बाकीचे सर्व कागद आहे. भाषांचा विभाग एकच असावा आणि त्यात मराठी, कन्नड, उर्दू-दखनी आणि गोरमाटी एका छताखाली असाव्यात. चार दारांवर चार विभागप्रमुखांच्या पाट्या लावल्या की शेजारच्या दारात काय चालते ते कोणी पाहत नाही, हा सर्व विद्यापीठांचा अनुभव आहे. आणि पदव्युत्तर विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी एक प्रबंधिका असावी: स्वतःच्या गावचे शब्द, स्वतःच्या घरचे गाणे, स्वतःच्या कानाने ऐकलेले आणि स्वतः लिप्यंतर केलेले. ‘मराठी कादंबरीतील स्त्रीचित्रण’ या विषयावरचा प्रबंध एकाच्या संगणकातून दुसऱ्याच्या संगणकात सहज जातो. ‘आमच्या गावची येळवस’ तशी जात नाही, निदान दोन गावे ओलांडली की पकडली तरी जाते.

यातले सारे स्वतंत्र विद्यापीठाची वाट पाहत थांबलेच पाहिजे असेही नाही. उपपरिसर आजही आहे, त्याला इमारती आहेत. २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने उपपरिसराची व्यवस्था मान्य केलेली आहे, आणि नव्या शैक्षणिक धोरणाच्या नावाने अभ्यासक्रम दर दोन वर्षांनी उलथेपालथे होतच आहेत. त्या उलथापालथीत एक श्रेयांकांची प्रश्नपत्रिका जिल्ह्याच्या भाषांसाठी राखून ठेवणे काही अवघड नाही. कन्नड शिकवायला माणूस कोठून आणायचा, असे विचारले जाईल. उमरग्याहून कलबुर्गी जवळ आहे, तेथे १९८० पासून विद्यापीठ आहे, आणि त्यात कन्नड शिकवतात. आठवड्यातून एक दिवस येणाऱ्या प्राध्यापकाला एस.टी.चे भाडे आणि मानधन द्यावे लागेल. त्याचा प्रस्ताव कोणत्या मेजावरून कोणत्या मेजावर जाईल, राज्याची सीमा ओलांडून आलेल्या माणसाच्या मानधनाला कोणते लेखाशीर्ष लावायचे, हे प्रश्न लेखापालांनी सोडवावेत. पहिल्या तुकडीला दहा विद्यार्थी मिळतील. आमच्या वर्गांतून त्यांची नावे आजही सांगता येतील.